थोरलं दार आणि सगुणाबाईची भुई

मुळशीतल्या माले गावाच्या अलीकडं, ओढ्याच्या वरच्या अंगाला इनामदारांची बाग आहे. नाव बाग. आंबे आहेत, चिंचा आहेत, एक म्हातारं रामफळ आहे; पण बघण्यासारखं काही असेल तर त्या इमारती. मधोमध छातीइतक्या जोत्यावर सरकारांचं राहतं घर. आमच्याकडचा पाऊस आडवा येतो, म्हणून त्याच्या वळचणी इतक्या खाली ओढलेल्या, की ओसरीवर बसलेल्याला अंगणातल्या माणसाचे नुसते पाय दिसावेत. पायांवरून माणूस ओळखायची सवय त्या घरात सगळ्यांनाच होती. घरामागं, आगीच्या भयानं लांब बांधलेला मुदपाकखाना. उजव्या हाताला कोठार, ओल लागू नये म्हणून दगडी खांबांवर उचललेलं, आणि त्याच्या पोटाखाली गाड्या लावायची जागा. डाव्या हाताला लांबलचक पागा. घोडे केव्हाच गेले होते. भिंतीतल्या कड्यांना आता लसणाच्या जुड्या आणि गेणबाचं धोतर वाळत असायचं. गुराढोरांना, बैलगाड्यांना मागच्या बाजूनं वेगळं दार. आणि सगळ्यांच्या पुढं, रस्त्याकडं तोंड करून, देवडी.

देवडी म्हणजे नुसतं फाटक नव्हे. खाली दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांचे ओटे, वर नगारखाना, आणि मधे थोरलं दार. दोन फळ्या, अख्ख्या सागवानाच्या, हत्तीनं धडक देऊ नये या हिशेबानं वर खिळे ठोकलेले. मुळशीत हत्ती कोण आणणार होतं देव जाणे. हे दार आत उघडायचं. पण उघडायचं कुणासाठी? पालखीसाठी, वरातीसाठी आणि नव्या सुनेसाठी. बाकी सगळ्यांनी उजव्या फळीतल्या दिंडीतून, म्हणजे दारातल्या छोट्या दारातून, वाकून यायचं. खुद्द सरकारसुद्धा मोटार बाहेर ठेवून वाकूनच येत. आणखी एक रीत होती. थोरलं दार रिकामं उघडायचं नाही. ते उघडताना समोर कुणीतरी वाजतगाजत आत यायला उभं पाहिजे. नाहीतर उघड्या दारानं अवदसा शिरते, असं सगळे मानत. आम्हीही मानत होतो.

या देवडीवर गेणबा राखणदार होता आणि त्याची बायको सगुणाबाई. पण गावात कुणी "गेणबाची बायको" म्हणत नसे. गेणबाला "सगुणाबाईचा गेणबा" म्हणत.

सगुणाबाई म्हणजे काळी, उंच, हाताची बोटं कुदळीच्या दांड्यासारखी. तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. लग्न होऊन ती इकडं आली आणि मागं गाव बुडालं. याचं तिनं कधी रडगाणं केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माहेराला जायाचं म्हंजी पव्हाया पायजे. मला न्हाई येत पव्हाया." एवढंच. मात्र पाण्याशी तिचं वैर होतं. पाणी प्यायचं, भांडी घासायची, पण घरात शिरलेलं पाणी तिला सवतीसारखं दिसायचं.

आणि पाणी शिरायचं. वरच्या उतारावरून येणारं पावसाचं पाणी थोरल्या दाराखालून देवडीत यायचं, तिथून पागेत, त्यांच्या बिऱ्हाडात. म्हणून सगुणाबाईनं भुई धरली. दिवाळी झाली, जरा ऊन पडलं, की ती मुरूम आणायची, पांढरी माती आणायची, देवडीच्या वाटेत अंथरायची, पाणी मारायची आणि चोपणं घेऊन बसायची. थपाथप, थपाथप. पार माणच्या रस्त्यापर्यंत आवाज जायचा. मग वरून शेणकाला. तिची भुई अशी व्हायची की त्यावर भाकरी थापावी. कुठं चीर नाही, कुठं पोपडा नाही. आसपासच्या गावांतल्या सासवा नव्या सुनांना घेऊन यायच्या आणि नुसतं दाखवायच्या, "बघ गं. ह्येला भुई म्हंत्यात."

पावसाळ्यात पाणी तरीही यायचंच. मग पुढच्या वर्षी आणखी थोडा मुरूम. गेणबाचं म्हणणं, पाणी वरनं येतं, कौलं फुटलीत. तो दर वर्षी कौलं चाळून घ्यायचा. सगुणाबाई म्हणायची, "वरनं न्हाई, खालनं येतंय." दोघंही दर वर्षी आपापल्या परीनं बंदोबस्त करायची आणि पाणी दर वर्षी आपल्या परीनं यायचं.

अशी सगळी वर्षं गेली. इनामं गेली, सरकार पुण्याला राहायला गेले, आणि थोरलं दार मग कधी उघडलंच नाही. सगुणाबाईचे दोन मुलगे गिरणीत लागले आणि धाकटी चंद्रा लग्नाची झाली.

चंद्रेला नांदे गावचं स्थळ आलं. मुलगा जयसिंग, उमदा, बागायत असलेल्या घरचा. त्याचा बाप हैबतराव मनानं मोकळा माणूस. पण घरात हुकूम चाले तो हैबतरावाच्या थोरल्या बहिणीचा, रंभाबाईचा. लहानपणीच विधवा होऊन ती माहेरी आलेली आणि तेव्हापासून नांद्यात तिच्या शब्दावाचून पान हलत नसे. बघण्याच्या दिवशी ती देवडीतून वाकून आत आली, डोक्याला चौकट लागली, पदर सावरत ओट्यावर बसली आणि चहा यायच्या आधीच म्हणाली, "पोरगी ग्वाड हाय. पर बाई, ऱ्हायाला दुसऱ्याचं घर, निजायला दुसऱ्याचा व्हटा. दारवानाची पोर म्हंतील आमच्यात."

हैबतराव खोकला. गेणबा जमीन बघायला लागला. जमीन चांगलीच होती.

सगुणाबाईनं कपबशी खाली ठेवली. "इहीनबाई, दारवानाची तर दारवानाची. आता दारवानाचं बी ऐका. तुमचं वऱ्हाड म्या थोरल्या दारानं आत घीन. नवरदेव घोड्यावरनं उतरायचा न्हाई, मान वाकवायचा न्हाई."

"थोरलं दार? इनामदारांचं?"

"व्हय."

"न्हाई उघडलं तर?"

"तर वऱ्हाड माघारी न्या. म्या अडवायची न्हाई."

सुपारी फुटली. पाहुणे गेल्यावर गेणबा म्हणाला, "अगं, पर सरकार काय म्हंतील?"

"त्ये तुमी इचारा. जावा पुण्याला."

गेणबा एस्टीनं पुण्याला गेला. धाकले सरकार बुशशर्ट घालून गॅलरीत पेपर वाचत होते. गेणबानं पागोटं काढून हातात धरलं आणि सगळं सांगितलं. गेणबाच्या बापाला हे मागितलं म्हणून चाबूक बसला असता. धाकले सरकार हसून म्हणाले, "अरे, एवढंच ना? खुशाल उघड. इनाम गेलं, आता दाराचं काय घेऊन बसायचं? आणि लग्नाला आम्हाला बोलाव म्हणजे झालं." गेणबा परत आला तो इतका गोंधळून, की दोन दिवस त्याला आनंद करायचं सुचलं नाही.

परवानगी अशी चुटकीसरशी मिळाली. सगळ्यांना वाटलं, झालं काम.

वैशाख उजाडला. पौडच्या बाजारातला हाफीज गवंडी गेणबाचा जुना दोस्त. तो येऊन दाराच्या वरच्या खुंट्यांना तेल पाजून गेला, अडसर पुसून गेला. जाताना दाराला थोपटून म्हणाला, "सागवान हाय, गेणबा. बोटानं उघडंल." उघडून बघावं असं त्याच्याही मनात आलं नाही, आमच्याही नाही. रिकामं दार कोण उघडणार? पागेला चुना मारला, मुदपाकखान्याच्या चुली सारवल्या, पागेपुढं मांडव पडला. लग्नाच्या आदल्या दिवशी सगुणाबाईनं देवडीत शेवटचा हात फिरवला, वर रांगोळी काढली आणि कुणाला तिथून जाऊ दिलं नाही. गाव सगळं मागच्या गुरांच्या दारानं ये-जा करत होतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी नांद्याच्या गाड्या आल्या. वऱ्हाड मारुतीच्या देवळात उतरलं. नवरदेवाला बाशिंग बांधलं, घोड्यावर बसवलं, सनई-ताशा सुरू झाला. आवाज देवडीपर्यंत आला तसा गेणबानं वरच्या नगारखान्याकडं बघून हात जोडले आणि अडसर काढला. दोन्ही मुलांनी एक फळी धरली, हाफीज आणि बहिरूनं दुसरी. बहिरू म्हणजे गावातला पैलवान, कुस्तीत हरला तरी माती त्याला सोडत नसे इतका जाड.

"ओढा!"

दार हललं नाही.

"आरं, वढा की!"

हाफीजनं कान लावून बघितलं. "लाकूड फुगलंय."

"वैशाखात?" बहिरू म्हणाला.

"मग तेल कमी पडलं."

हाफीजनं मुदपाकखान्यातून गोड्या तेलाचा डबा मागवला. आचारी द्यायला तयार नव्हता, कारण भज्यांचं तेल होतं. तरी अर्धा डबा खुंट्यांवर ओतला. देवडीत भज्यांचा वास सुटला. दार तसंच. तोवर ताशा जवळ आला आणि पलीकडं येऊन थांबला. दिंडीतून घोड्याचे पाय दिसले, त्यामागं वऱ्हाडाचे. गेणबा पायांवरून माणसं ओळखण्यात तरबेज झालेला. तो हळूच म्हणाला, "फुडं रंभाबाई हाय."

रंभाबाईनं दिंडीतून डोकं न घालताच विचारलं, "इहीनबाई, दार कुटंय तुमचं?"

"हाय हितंच. जरा दम धरा."

"पोराला उनात तापवताय."

"पोरगं काय लोण्याचं हाय व्हय?" सगुणाबाई आतून म्हणाली. बाहेर वऱ्हाडात बाया खुदखुदल्या. रंभाबाई मात्र जागची हलली नाही.

आत सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, नवरदेवाला उतरवा, दिंडीतून वाकून आणा. म्हातारी साळूबाई म्हणाली, "बाशिंग वाकवायचं न्हाई, मेल्यांनो." कुणी म्हणालं, गुरांच्या दारानं आणा. त्याच्याकडं सगुणाबाईनं असं बघितलं की तो थेट आमटी ढवळायला निघून गेला. सुतार म्हणाला, "खालनं अडकलंय कायतरी. फळीचा खालचा काठ कापतो. करवत हाय माझ्याजवळ."

तेव्हा सगुणाबाई खाली बसली. तिनं दाराच्या बुडाशी गाल टेकवला आणि तशीच राहिली. आम्हाला वाटलं, बाईला घेरी आली. ती उठली तेव्हा तिच्या अर्ध्या गालाला रांगोळी लागलेली होती.

"आवं," ती गेणबाला म्हणाली, "दार अडकलं न्हाई. दार माझ्या भुईत गाडलंय."

सगळे वाकून बघायला लागले. खरंच. दाराच्या खालच्या काठाच्या वर दीड वीत भुई आलेली. वर्षानुवर्षं थपाथप, थपाथप करून तिनं दाराच्या आतल्या अंगाला बांध घातला होता आणि दार त्यामागं म्हशीसारखं रुतलं होतं. मग एकेकाच्या डोक्यात उजेड पडायला लागला. दिंडीचा उंबरा झिजला, असं आम्ही कित्येक वर्षं म्हणत होतो. पूर्वी पाय उचलावा लागायचा, आता सरळ पाऊल पडतं. आणि आताशा सगळ्यांच्या डोक्याला चौकट लागते त्यावर गावात ठरलेलं होतं, की नवी पिढी उंच निपजतेय.

"मंजी माझा पोरगा उंच न्हाई?" बहिरूची बायको गोजराबाई म्हणाली.

"तुजा पोरगा तुज्यावर गेलाय," साळूबाई म्हणाली. "बुटका."

सुतारानं करवत काढली होती. "मग काय, कापतो दीड वीत."

"हात लावू नगंस," सगुणाबाई म्हणाली.

"अगं, मग..."

"दार सरकारांचं हाय. भुई माझी हाय. माझं हाय त्ये फोडा."

कुणी हललं नाही. त्या भुईवर चपला घालून चालायची आमची छाती नव्हती, तिच्यावर कुदळ कोण मारणार? गेणबा म्हणाला, "अगं, तुजा जलम गेला तिच्यात."

"जलम ऱ्हायलाय अजून. आणा हिकडं."

तिनं बहिरूच्या हातातली कुदळ घेतली, लग्नाच्या लुगड्याचा काष्टा मारला आणि रांगोळीच्या बरोबर मधे पहिला घाव घातला. कुदळ परत उसळली. भुई तिनंच केलेली होती, ऐकणार कशी? दुसरा घाव घातला, तिसऱ्याला एक ढलपा निघाला आणि तिनं तो उचलून बघितला. "बघा, चीर हाय का कुटं!" म्हणाली आणि फेकून दिला.

मग आम्ही सगळे सुटलो. पहारी आल्या, फावडी आली, आचाऱ्यानं आमटीची पळी ठेवून घमेलं धरलं. कांद्यासारखे पापुद्रे निघत होते. एक शेणाचा, एक मुरमाचा, पुन्हा शेणाचा. धुरळा असा की कोण कुणाला माती टाकतंय कळेना. बाहेर वऱ्हाडाला आतून नुसते घाव ऐकू येत होते. हैबतरावानं हाक मारली, "याही, काय चाललंय वो?"

"रस्ता करतोय तुमच्यासाठनं!" गेणबा आतून ओरडला. जन्मात पहिल्यांदा तो मोठ्यानं बोलला असेल.

वाजंत्र्यांना थांबू द्यायचं नाही म्हणून हैबतरावानं त्यांना पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगितलं. त्यांना येत होतं ते सगळं वाजवून झालं, मग त्यांनी पोळ्याचं वाजवलं. घोडं आपलं जागच्या जागी नाचायला लागलं. रंभाबाईनं शेवटी दिंडीतून डोकं आत घातलं आणि बघितलं. समोर तिची विहीण, काष्टा मारून, कमरेइतक्या धुरळ्यात, कुदळ घेऊन.

"इहीनबाई, ह्ये काय?"

"शबूद उकरतेय माझा. हटा मागं, माती लागंल."

तेवढ्यात बहिरूची पहार खणकन वाजली. खाली दगड लागला. एक, मग त्याला लागून दुसरा, नीट घडवलेले, सांध्याला सांधा. सगळी देवडी फरसबंदी होती! आमच्यातल्या म्हाताऱ्यांनासुद्धा त्याची आठवण राहिली नव्हती. आणि दाराच्या मागं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आडवी कोरलेली दगडी नाली. उतारावरचं पाणी दाराखालून आलं की नालीत पडावं आणि भिंतीखालून बाहेर, बागेत जावं. बांधणाऱ्यानं सगळं करून ठेवलेलं.

पाणी येतं म्हणून सगुणाबाई भुई चढवत होती, आणि भुई चढली म्हणून नाली बुजली होती, आणि नाली बुजली म्हणून पाणी येत होतं. आम्ही सगळे चोरून तिच्याकडं बघायला लागलो. गेणबा तर दोन पावलं मागं सरकला.

सगुणाबाईनं नालीत हात घातला, आतली माती ओंजळीनं काढली, नाली कुठवर जाते ते बघितलं. मग तिथंच मांडी ठोकून बसली आणि हसायला लागली. तिचं हसणं मी त्याआधी ऐकलेलं नव्हतं. म्हशीच्या धारेसारखं, जाड आणि लांब. "आगं माझे बाय," ती म्हणत होती, "म्याच पाणी पाळलं व्हतं घरात. म्याच!" गेणबानंही चाचपत हसून बघितलं. मग म्हणाला, "मंजी कौलं फुटलेली न्हवती?" त्यावर तर देवडीभर माणसं लोळली. सुतार करवतीवर बसला आणि ओरडत उठला.

"हसता काय?" ती एकदम उठून म्हणाली. "पोरगं उनात उभं हाय. वढा!"

यावेळी दार आलं. आधी कुरकुरलं, मग वरच्या नगारखान्यातली कबुतरं फडफडून उडाली, मग दोन्ही फळ्या अशा सरकन आत आल्या की धरून ओढणारे चौघंही उताणे पडले. उन्हाचा एक मोठा चौकोन देवडीत, पागेच्या चुन्यावर, मांडवात पडला. दिंडीतून येणारं ऊन आम्ही हातभर बघितलेलं. ते एवढं असतं हे ठाऊक नव्हतं. आणि त्या उजेडात घोड्यावर जयसिंग, ताठ, बाशिंग सरळ, तोंडावर घाम आणि धुरळा.

सगुणाबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, घोड्याच्या पायांवर पाणी घातलं. तिच्या हाताची माती त्या पाण्यात उतरली. पाणी फरशीवरून वाहत आलं, नालीत पडलं आणि भिंतीखालून निघून गेलं. ती ते जाईपर्यंत बघत राहिली. वरात आपली थांबलेली.

रंभाबाई सगळ्यात पुढं होती. ती फरशीवर आली, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, फोडलेल्या भुईच्या ढिगाकडं बघितलं. त्यातला एक ढलपा उचलून तिनं नखानं खरवडून पाहिला. नख उठलं नाही.

"कशाकशात कालवली व्हती?" तिनं विचारलं.

"जेवा आधी. मग सांगते."

"दारवानाची पोर म्हनलं की म्या..."

"म्हनला व्हता."

"आता न्हाई म्हनायची." एवढं म्हणून रंभाबाईनं पदरानं सगुणाबाईच्या गालावरची रांगोळी पुसली. पुसली कसली, सगळ्या तोंडाला फासली.

लग्न जोरात झालं. भजी कमी पडली, त्याचा दोष हाफीजला दिला आणि हाफीजनं तो घेतला. धाकले सरकार बायकोला घेऊन मोटारीनं आले. सवयीनं त्यांनी मोटार बाहेर उभी केली, उघड्या दारात आले आणि डोक्यावर चौकट नसतानाही मान वाकवून आत शिरले. मग स्वतःच हसले, परत बाहेर गेले आणि ताठ मानेनं पुन्हा आले.

तिथून खूळ सुरू झालं. जेवणं आटोपली तशी साळूबाई काठी टेकत बाहेर गेली आणि थोरल्या दारानं आत आली. तिला बघून गोजराबाई गेली, मग बहिरू पोराला खांद्यावर घेऊन. मग सगळं गावच. मागच्या दारानं बाहेर पडायचं, बागेला वळसा घालायचा आणि मान वर करून पुढून आत यायचं. वाजंत्र्यांनाही जोर चढला. येईल त्या प्रत्येकासाठी ते ताशाला टिपरी लावायला लागले. बहिरू पुन्हा पुन्हा येत होता. हाफीज आला तेव्हा त्यानं दाराला पुन्हा थोपटलं आणि म्हणाला, "बोटानं उघडंल म्हनलं व्हतं का न्हाई?" त्याला सगळ्यांनी मिळून मातीच्या ढिगावर लोटलं.

ऊन उतरलं तशी नांद्याची गाडी देवडीत आणली. चंद्रा पदर डोळ्याला लावून बसली, जयसिंग तिच्याशेजारी. बायांनी गळा काढायची तयारी केली आणि सगळ्या सगुणाबाईकडं बघायला लागल्या, कारण सुरुवात आईनं करायची असते. सगुणाबाईनं लेकीच्या पाठीवरून हात फिरवला, खालच्या आवाजात तिला काहीतरी सांगितलं. चंद्रा रडता रडता हसली. गाडी निघाली. सगुणाबाईनं गळा काढायला तोंड उघडलं, तेवढ्यात गाडीचं डावं चाक नालीच्या काठावर चढलं.

"आरं ए मुडद्या!" ती गाडीवानाला ओरडली. "बैल आवर! दगड फुटंल, डोळं कुटंयत तुजं?"

गाडीवानानं बैल आवरले, चाक सोडवलं, आणि गाडी थोरल्या दारानं बाहेर पडली. सगुणाबाई खाली वाकून दगडाचा काठ बोटांनी चाचपत होती.